दोन जावा आणि एक डबा

पुंडलिकनगरात राहायला आले तेव्हा मी डॉक्टर असल्याचं आधी गल्लीला कळलं आणि मग माझं सामान उतरलं. पहिल्याच आठवड्यात समोरच्या वहिनी तापलेल्या नातवाला कडेवर घेऊन दारात उभ्या. मी त्यांना कोपऱ्यावरच्या मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवू लागले, तर म्हणाल्या, "मग तुम्ही कशाच्या डॉक्टर?"

"औषधांची."

"म्हणजे मेडिकल दुकान?"

"नाही हो. नवं औषध दुकानात यायच्या आधी ते खरंच काम करतं का, हे माणसांवर तपासून बघावं लागतं. ते कसं तपासायचं, हे मी डॉक्टरांना आणि सिस्टरना शिकवायची."

वहिनींनी नातवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. माझ्यापासून जरा लांबच्या.

तर माझा धंदा हा. क्लिनिकल रिसर्च म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि उंदीर येतात. उंदरांचं काम आमच्याकडे औषध येण्याआधीच संपलेलं असतं. आमच्याकडे येतात ती माणसं, आणि त्यांच्यापेक्षा उंदीर परवडला असं कधी कधी वाटायचं. उंदीर विचारत नाही, "मॅडम, ही गोळी चतुर्थीला चालते का?"

काम सांगायला सोपं आहे. काही रुग्णांना नवं औषध द्यायचं आणि काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली साधी गोळी. कुणाच्या बाटलीत काय आहे हे रुग्णाला माहीत नसतं आणि डॉक्टरलाही नसतं. डॉक्टरला कळलं तर तो खऱ्या गोळीवाल्याशी जरा जास्त कौतुकाने बोलतो, आणि आपली माणसं तेवढ्या कौतुकानेच निम्मी बरी होतात. म्हणून बाटलीवर फक्त क्रमांक असतो. त्या क्रमांकामागचं उत्तर लांब कुठंतरी कुलपात असतं आणि ते अगदी शेवटी उघडतात. अर्थात हे सगळं रुग्णाला आधी त्याच्या भाषेत समजावून, त्याला ते खरंच समजलंय याची खात्री करूनच सुरू करायचं. तो नको म्हणाला तर चहा पाजून निरोप द्यायचा आणि त्याचा नेहमीचा उपचार चालू ठेवायचा.

याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या गावात सुरू करायचं माझ्या डोक्याने घेतलं, तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि हे शिकायचं तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागे. मी ज्या रुग्णालयात शिकवत होते, त्या संस्थेचे सचिव म्हणजे भाऊसाहेब. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक रिकाम्या खोलीत त्यांना एक मशीन दिसायचं. त्यांनी मला चादरी ठेवायची जुनी खोली दिली आणि बजावलं, "मॅडम, एक बॅच बघू. तुमचा पहिला अभ्यास बिनडागाचा पार पडला तर पुढं चालवा. डाग लागला तर खोली रिकामी करा, मला तिथं डायलिसिस सुरू करायचंय."

त्यात मी आणखी एक उपद्व्याप करून ठेवला होता. एमडी डॉक्टरांच्या शेजारच्या बाकावर मी नर्सना, आयुर्वेदवाल्यांना आणि फार्मसिस्टना बसवलं. आमच्या स्टाफरूममध्ये यावर बरीच कुजबुज झाली. मी कान बंद ठेवले. रुग्णाशी सगळ्यात जास्त बोलतं कोण, हे मला वॉर्डात उभं राहून दिसत होतं.

त्या पहिल्या बॅचमधल्या दोघांना ओळखून ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांच्याभोवती घडलं. एक डॉक्टर सोमीनाथ. कन्नडला दवाखाना, आयुर्वेदाची पदवी, आणि आवाज असा की त्याने हळू बोलायचं ठरवलं तरी कॉरिडॉरच्या टोकाचा रुग्ण वळून बघायचा. दुसरी शाहीन सिस्टर. वर्षानुवर्षं वॉर्ड सांभाळलेली, बारीक चणीची, बोलायला तिखट. तिने अर्ज केला तेव्हा मेट्रन सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आता सलाइन सोडून संशोधन करणार का?" शाहीनने वॉर्डाची ड्युटी सोडून माझ्याकडे नाव घातलं. अभ्यासक्रम बंद पडला असता तर मी माझ्या औषधशास्त्राच्या वर्गात परत गेले असते. तिला मात्र त्याच मेट्रनच्या हाताखाली मान खाली घालून उभं राहावं लागलं असतं.

मी सगळ्यांकडून पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकून घेतली. रुग्णाला "समजलं का?" असं कधी विचारायचं नाही. आपल्याकडे डॉक्टरने असं विचारलं की माणूस "व्हय" म्हणतो. तो आदर असतो, समज नसते. त्याऐवजी म्हणायचं, "आता घरी जाऊन तुम्ही काय सांगाल, ते मला सांगून दाखवा." तो जे सांगेल तेवढंच त्याला समजलंय. याचा सराव प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसांवर करायचा. सोमीनाथने बायकोवर केला आणि दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आला. तिने विचारलेल्या प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्याला देता आलं नव्हतं. मी म्हटलं, तिलाच प्रवेश द्यायला हवा होता.

पहिला अभ्यास गुडघेदुखीच्या गोळीचा होता. देशभर बऱ्याच केंद्रांवर तो एकाच वेळी चालला होता आणि त्यातलं सगळ्यात नवं, सगळ्यात लहान केंद्र म्हणजे आमची चादरींची खोली. सोमीनाथच्या ओळखीने कन्नडजवळच्या एका वस्तीवरून दोन जावा आल्या, सुमन आणि कांता. दोघी पन्नाशीच्या आसपास, दोघींचे गुडघे शेतात वाकून वाकून कुरकुरणारे. बरोबर सासू, गयाबाई. खरं तर गयाबाईंनाच सगळ्यात आधी नाव घालायचं होतं, पण वय जास्त आणि मूत्रपिंडं नाजूक, म्हणून आम्हाला नाही म्हणावं लागलं.

"का? माझे गुडघे काय उसने आणलेत?" त्या कडाडल्या.

शाहीनने त्यांना खुर्ची दिली आणि मग दोघी सुनांना समजवायला बसली. अर्धी मराठी, अर्धी दखनी, पण एक शब्द वाया नाही. एका बाटलीत औषध, एकीत साधी गोळी, कुणाला काय ते नशिबावर. मग दोघींकडून ते उलटं सांगून घेतलं. सुमनने बरोबर सांगितलं. कांता अडखळली, तशी शाहीनने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटी गयाबाईंनी एकच प्रश्न विचारला.

"म्हंजे माझ्या एका सुनेला खरी अन् एकीला खोटी, असं बी होऊ शकतं?"

"हौ आजी, होऊ शकतं. दोघींना खरी, दोघींना साधी, कसं पण. मेरेकूच मालूम नहीं."

म्हातारीने पदर सावरला आणि खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं, कंटाळली.

पुढं सगळं घड्याळासारखं चाललं. दोघी ठरल्या दिवशी एसटीने येत, बाटल्या परत आणत. उरलेल्या गोळ्या मोजल्या की हिशेब तंतोतंत. बरं वाटतंय का विचारलं की सुमन म्हणे, "आठ आणे फरक हाय." कांताला विचारलं की तीही म्हणे, "आठ आणे." आपल्याकडे दुखणं अजून आण्यांतच मोजतात. प्रत्येक वेळी दोघींचं उत्तर सारखं कसं, असा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही.

थंडीत गयाबाईंचा निरोप आला, हुरडा खायला या. मी, सोमीनाथ आणि शाहीन गेलो. शेतात आगटी पेटलेली, कणसं भाजून हातावर चोळून देणं चाललेलं, सोबत लसणाची चटणी आणि गूळ. सोमीनाथ तर मांडी ठोकून असा बसला होता की आता उठायचा विचार नसावा. खाणं आटोपत आल्यावर गयाबाईंनी हाक मारली, "सुमे, कांते, गोळ्या घ्या गं."

दोघी आल्या. म्हातारीने पदराखालून स्टीलचा एक डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यातली एक गोळी सुमनच्या हातावर ठेवली, एक कांताच्या. सगळ्या गोळ्या एकाच डब्यात, पांढऱ्याशुभ्र, एकीसारखी दुसरी.

सोमीनाथचा घास तोंडातच राहिला. "आजी, या दोन बाटल्यांच्या गोळ्या एकत्र केल्या का काय?"

"मग? पहिल्या दिसापासून. शहरात यायचं असलं की परत दोन बाटल्यांत सारख्या भरून देते."

"अवं पण कशापायी?"

गयाबाईंनी डब्याचं झाकण लावलं. "त्या सिस्टरनंच सांगितलं ना, एकीला खरी अन् एकीला खोटी असू शकती म्हणून? माझ्या घरात असलं नाय चालत. साडी आणली तर दोन आणते. दूध आलं तर दोन पेले. एका सुनेचा गुडघा बरा व्हायचा अन् दुसरीनं बघत बसायचं? म्या मिसळल्या. आता ज्याच्या नशिबी जी यील ती."

मी घाईने विचारलं, "आजी, तुम्ही नाही ना घेतली यातली?"

"माझं नाव तुम्हीच कट केलं ना?" म्हातारी फणकारली. "मग म्या कशाला घीन?"

आम्ही जीपने परत निघालो, घाट उतरलो. आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, की हा डागच आहे. दोन रुग्णांची औषधं मिसळली, म्हणजे त्या दोघींची सगळी माहिती वाया. आणि त्याहून वाईट म्हणजे हे आम्ही सांगितलं नाही, तर जगात कुणालाही कळणार नव्हतं. गोळ्यांचा हिशेब जुळत होता आणि कागद स्वच्छ होते.

शेवटी सोमीनाथच बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू. "मॅडम, दोघींना कायतरी निमित्त काढून अभ्यासातून कमी करू. गावाला गेल्या म्हणू. कोर्स वाचंल."

शाहीन खिडकीबाहेर बघत होती. सगळ्यात जास्त गमावायचं होतं ते तिला, म्हणून मी तिला विचारलं, "सिस्टर, तुमचं काय म्हणणं?"

"मॅडम, मैं उनको एकेक बात सच बोली," ती म्हणाली. "गोळी साधी पण असू शकते, हे पण सांगितलं. आता ते खरं बोलली म्हणून आजीने असं केलं. मग माझ्या खऱ्यावर मीच झूठ कैकू लावू? लिहा. जो होना सो होगा."

त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला. सोमीनाथने मोठा सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "मग लिहा, काय. माझ्याच पेशंट हायेत, माझं नाव आधी टाका." जीप शहरात शिरेपर्यंत तो पुन्हा पूर्वीच्या आवाजात ड्रायव्हरला रस्ता सांगायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही अभ्यास चालवणाऱ्या कंपनीला आणि आमच्या नीतिमत्ता समितीला सगळं जसंच्या तसं कळवलं. डबा, साडी, दुधाचे पेले, सगळं. सुमन आणि कांताला अभ्यासातून कमी केलं आणि त्यांचा नेहमीचा उपचार चालू ठेवला. गयाबाई म्हणाल्या, "म्हंजे आम्ही नापास?"

भाऊसाहेबांनी मला बोलावलं. "मॅडम, दोन बायकांच्या घरातली वाटणी कागदावर आणायची गरज काय होती? कोण विचारायला येणार होतं?" मी म्हटलं, म्हणूनच. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कंपनीकडून तपासणी येणार होती, तेवढं होऊ द्या, म्हणाले, आणि मग खोलीचं बघू. त्याच आठवड्यात चादरींच्या खोलीत कुणीतरी नळाच्या पाइपासाठी मापं घेऊन गेलं. मेट्रन शाहीनला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "तुमची जागा ठेवलीय हो मी वॉर्डात."

तपासणीला हैदराबादहून राव नावाचे गृहस्थ आले. सडपातळ, कमी बोलणारे. आमचे कागद त्यांनी दिवसभर चाळले आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले, "वो डब्बेवाली अम्मा से मिलना है." भाऊसाहेबांचा चेहरा उतरला. मी सोमीनाथला फोन केला.

सकाळी आम्ही वस्तीवर पोचलो. गयाबाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. राव त्यांच्यासमोर जमिनीवरच बसले. शाहीन दोघांच्या मध्ये दुभाषी म्हणून बसली, पण रावांची हैदराबादी आणि गयाबाईंची बोली इतकी जुळली की अर्ध्या वेळेला तिचं कामच उरलं नाही. रावांनी विचारलं, बाटलीत काय होतं असं तुम्हाला सांगितलं होतं?

"एकीत औषध, एकीत नुसती गोळी," गयाबाई म्हणाल्या. "कुणाच्या बाटलीत काय, ते या पोरीला ठाव नाय, या कन्नडच्या डॉक्टरला नाय, या बाईला बी नाय. नको वाटलं तर कवाबी सोडा, म्हणले होते. सोडलं तरी दवाखाना तुटणार नाय, म्हणले होते." मग त्यांनी हातातली पाकळी रावांकडे रोखली. "तुम्हाला तरी ठाव हाय का?"

"नहीं अम्मा."

"मग एवढ्या लांबून कशाला आला?"

राव हसले. मी त्यांना दोन दिवसांत पहिल्यांदाच हसताना पाहिलं. परत येताना ते गाडीत मिटल्या डोळ्यांनी बसून होते. माझा मात्र जीव टांगणीला लागलेला.

भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये राव जे बोलले, ते मी आजवर प्रत्येक बॅचला सांगत आले. ते म्हणाले, "मी देशभर केंद्रं तपासतो. कितीतरी ठिकाणी कागद आरशासारखे. एक चूक नाही, एक गोळी इकडची तिकडं नाही. मग मी रुग्णाला भेटतो आणि विचारतो, बाटलीत काय होतं? तो म्हणतो, औषध. सही केली, पण साधी गोळी असू शकते हे त्याला कुणी सांगितलंच नाही. इथं जिला अभ्यासात घेतलंच नव्हतं, ती म्हातारी मला सगळं समजावून सांगते. तिने गोळ्या मिसळल्या, कारण तिला पूर्ण समजलं होतं. आणि तुम्ही ते लपवलं नाही. ज्या केंद्रावर एकही गडबड होत नाही, तिथं मी जास्त वेळ थांबतो, साहेब. इथून मी आजच्या गाडीने जाणार."

मग ते शाहीनकडे वळले. "सिस्टर, समझाए आप थे ना?" तिने मान हलवली.

पुढच्या अभ्यासासाठी कंपनीने आम्हाला आपणहून विचारलं. भाऊसाहेबांनी डायलिसिसला दुसरी खोली शोधली आणि आमच्या खोलीला रंग दिला, दारावर पाटी लावली, पाटीच्या उद्घाटनाला स्वतः भाषणही केलं. त्यात "मी पहिल्यापासून" हे शब्द बरेच वेळा आले. मी टाळ्या वाजवल्या. मेट्रनबाईंनी पुढच्या वर्षी आपल्या भाचीचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला, तेव्हा मात्र मी चहा मागवला आणि तो अर्ज मुद्दाम शाहीनच्या हातात दिला.

आज आमची मुलं-मुली शहराजवळच्या शेंद्र्यापासून हैदराबादपर्यंत कुठं कुठं काम करतात. देशभरातल्या त्या कंपनीच्या पुढच्या अभ्यासांत एक नवा नियम आला, एका घरातला एकच रुग्ण घ्यायचा. इंग्रजीतलं कोरडं वाक्य. ते कुठून आलं हे दिल्ली-बंगळूरमध्ये कुणाला ठाऊक नाही. आम्ही त्याला गयाबाईंचा नियम म्हणतो. वाईट एवढंच वाटतं, की हल्ली समजावणं टॅबवरच्या व्हिडिओवर उरकतात. व्हिडिओला उलटा प्रश्न विचारता येत नाही आणि व्हिडिओ कुणाच्या शेतात हुरड्यालाही जात नाही.

गुडघेदुखीचा तो पहिला अभ्यास संपल्यावर कुलूप उघडलं होतं. एका सुनेच्या बाटलीत औषध होतं आणि दुसरीच्या बाटलीत साधी गोळी. म्हणजे डब्यातून दोघींना साधारण निम्मं निम्मं मिळालं होतं, आणि दोघी आम्हाला इमानदारीत आठ आणे फरक सांगत होत्या! दोन माणसांवरून निष्कर्ष काढू नये, हे मीच शिकवत आले. पण त्या दिवशी मी आणि शाहीन पोट धरून हसलो, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

कुणाला काय मिळालं हे विचारायचा हक्क रुग्णाला असतो. म्हणून आम्ही दोघी पुन्हा वस्तीवर गेलो. सुमन आणि कांता शेतात होत्या. गयाबाईंनी ओट्यावर घोंगडी अंथरली. शाहीनने सांगितलं, "आजी, कुलूप उघडलं. एकीची खरी होती, एकीची साधी. तुमची वाटणी बराबर झाली. सुनांना विचारायचं असेल तर आम्ही सांगू."

"त्यांनी इचारलं तर सांगा. त्यांचा गुडघा हाय." म्हातारीने लांब शेताकडे पाहिलं. दोघी जावा बांधावरून डोक्यावर भारे घेऊन एकामागून एक येत होत्या.

"आणि तुम्हाला, आजी? तुम्हाला सांगू, कुणाची खरी होती?"

"नको गं बाई, मला नको," गयाबाई म्हणाल्या. "मला कळलं तर मी त्या दोघींकडं सारख्या नजरेनं बघायची नाय."